जावा फुल स्टॅक 'विथ प्लेसमेंट' : ४१,३०० रुपये, १३ महिने, अडीच स्टार

जावा फुल स्टॅक म्हणजे जावा वापरून अख्खं सॉफ्टवेअर, पुढचा दिसणारा भाग आणि मागचा डेटा, बनवायला शिकवणारा कोर्स, तो मी पुण्यात केला, त्याचा हा रिव्ह्यू. क्लासचं नाव लिहीत नाहीये. एक तर मला नोटीस वगैरेच्या भानगडीत पडायचं नाही, आणि दुसरं म्हणजे नाव वाचून तुम्ही म्हणाल हा नको, शेजारचा बघू, तर शेजारच्याकडे पण तोच फ्लेक्स, तीच एसी केबिन आणि तशाच गोड बोलणाऱ्या मॅडम असतात. कर्वे रोड साइडला, दुसऱ्या मजल्यावर, खाली झेरॉक्स आणि चहा. बास एवढं. ज्यांनी केलाय त्यांना कळेल आणि ज्यांना करायचाय त्यांनी हे सगळं वाचा, लांबलंय थोडं, पण मी तिकडे ४१ हजार भरायच्या आधी कुणी एवढं लांब लिहिलेलं मला सापडलं नव्हतं, जे होते ते सगळे पाच स्टार आणि "बेस्ट क्लास इन पुणे, सर इज व्हेरी सपोर्टिव्ह". ते कसे लिहून घेतात ते पण खाली सांगते.

मी बार्शीची. बीएस्सी ईसीएस (एंटायर कॉम्प्युटर सायन्स), २०२४ पासआउट. कॉलेज चांगलं होतं, शिक्षक पण चांगले, पण कॅम्पस म्हणाल तर तीन वर्षांत दोनदा कुणीतरी आलेलं, एकदा लोन विकायला मुलं हवी होती म्हणून आणि एकदा बीपीओ. आयटीची कंपनी बार्शीला कशाला येईल, आणि आली असती तरी बहुतेक ठिकाणी बीई बीटेक एमसीए एवढंच लिहिलेलं असतं, बीएस्सीवाल्यांचं खातं वेगळं, पगार वेगळा, आणि तेही असेल तर. जूनमध्ये रिझल्ट लागला आणि पंधरा दिवसांत सुरू, मग आता पुढे काय. किराणा दुकानवाले काका विचारणार, मैत्रिणीची आई विचारणार, मामी तर फोन करून विचारणार. आप्पा मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी आहेत, ते काही बोलायचे नाहीत, पण रोज संध्याकाळी पेपर वाचून झाला की नोकरीच्या जाहिरातीचं पान वरती करून टीपॉयवर ठेवायचे.

त्यात मी घरबसल्या जॉब साइटवर अप्लाय करत होते. ज्यांनी केलंय त्यांना माहितीये. वरती लिहिलेलं असतं फ्रेशर, खाली उघडून बघितलं तर "मिनिमम ६ महिने हँड्स ऑन एक्स्पिरियन्स". अहो मग फ्रेशर कशाला म्हणता. पोस्ट टाकून दोन तास झालेले आणि अप्लाय केलेल्यांचा आकडा चार आकडी. मी दोनशेच्या वर ठिकाणी अप्लाय केलं असेल, उत्तर आलं चार ठिकाणांहून, त्यातली दोन नकाराची, एक इन्शुरन्सवाले आणि एकाने लॅपटॉपच्या सिक्युरिटी डिपॉझिटचे ४,५०० मागितले, तो फ्रॉड होता. (कुठलीही कंपनी जॉईन व्हायच्या आधी तुमच्याकडून पैसे घेत नाही, हे बार्शीत मला कुणी सांगितलं नव्हतं, बरं झालं अकाउंटला तेवढे नव्हते.)

तर अशा टायमाला इन्स्टावर या क्लासची अ‍ॅड. "१००% जॉब गॅरंटी, एनी ग्रॅज्युएट, एनी ब्रँच, गॅप चालेल". फोन केला तर पाचव्या मिनिटाला मॅडमचा परत फोन, दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी "तुमची सीट होल्ड केलीये फक्त आजचा दिवस". तेव्हा एसटी अर्ध्या तिकिटात होतीच बायकांना, म्हटलं बघून तर येऊ, आई आणि मी स्वारगेटला उतरलो.

काउन्सेलिंगला पैकीच्या पैकी. खरंच सांगते, असं काउन्सेलिंग मला आयुष्यात कुणी दिलं नाही. मॅडमनी आईला आधी चहा सांगितला, मग भिंतीवरचा बोर्ड दाखवला, पासपोर्ट फोटो, खाली कंपनीचं नाव आणि पॅकेज, ३.५ लाख, ४.२ लाख, एक ६.५. आई एकेक फोटो वाचत होती, "ही पण बीएस्सीच का, ही सोलापूरकडची का". मॅडम म्हणाल्या काकू पुढच्या वर्षी इथे तुमच्या मुलीचा फोटो. आईने तिथल्या तिथे होकार दिला. फी ३५,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४१,३००. जीएसटी लागतो हे अ‍ॅडमध्ये नव्हतं, केबिनमध्ये पण नव्हतं, पावती फाडताना आलं. तीन हप्ते, ११,८०० मग १७,७०० मग परत ११,८००. पहिला हप्ता आप्पांनी दिला, दुसरा आईच्या बचत गटातून.

आता शिकवण्याबद्दल, कारण अडीच स्टार आहेत ते सगळे इथले आहेत.

कोअर जावाचे सर एक नंबर. नाव घेत नाही पण त्या माणसाला शिकवायचं कळतं. कॉलेजात आम्ही जावा पाठ करून पास झालो होतो, सरांनी पहिल्या आठवड्यात सगळं पुसून परत लिहायला लावलं, वहीत, पेनाने, लॅपटॉप बंद. हॅशमॅप म्हणजे जावातली माहिती चटकन सापडेल अशी ठेवायची सोय, ती त्यांनी अशी सांगितली, की हॅशकोड म्हणजे गल्ली आणि इक्वल्स म्हणजे दारावरची पाटी. पोस्टमन आधी गल्ली गाठतो मग पाट्या वाचतो. एकाच गल्लीत दोन देशमुख राहत असले तर नुसत्या गल्लीवर भागत नाही आणि गल्लीच चुकली तर पाट्या वाचून उपयोग नाही, म्हणून दोन्ही मेथड ओव्हरराइड करायच्या. मला हे पुढे तीन इंटरव्ह्यूत विचारलं आणि तिन्ही वेळा मी गल्ली आणि देशमुख डोक्यात ठेवून इंग्रजीत उत्तर दिलं. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, ती पण त्यांनीच घेतली. जॉइन, ग्रुप बाय, सबक्वेरी, सगळं कागदावर टेबल काढून. ते दुसऱ्या नंबरचा पगार शोधायची क्वेरी असते ना, प्रत्येक इंटरव्ह्यूत विचारतात, ज्याला स्वतःचा पहिला पगार नाही त्याला दुसऱ्याचा दुसऱ्या नंबरचा पगार काढायला लावायचा, ती पाच वेगवेगळ्या पद्धतीने करून घेतली.

पण बॅच केवढी? सांगताना ३० जण सांगितले होते. पहिल्या दिवशी मी मोजले, ८७. हॉलमध्ये बाकं चाळिसेक जणांची, बाकी मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्याही संपल्या की दारात उभं राहून. ज्यांची सकाळची लवकरची बस त्यांना बाक. मी कर्वेनगरहून चालत यायचे त्यामुळे साडेसातला निघून दुसरं तिसरं बाक पकडायचे, ते पहिले तीन महिने मी खूप खूश होते, खोटं कशाला बोलू.

मग दिवाळीनंतर सर सोडून गेले. पगार थकवला होता म्हणे, खरं खोटं त्यांनाच ठाऊक. हायबरनेट आणि स्प्रिंग बूटला (जावाचीच पुढची साधनं) तीन आठवडे कुणीच नव्हतं, रेकॉर्डेड व्हिडिओ लावायचे प्रोजेक्टरवर, आणि आम्ही ८७ तले उरलेले पन्नास-साठ जण बसून सिनेमा बघितल्यासारखे बघणार. प्रोजेक्टरच्या उजेडात मागची पोरं झोपायची. सहा महिन्यांचा कोर्स फेब्रुवारीच्या शेवटी संपला, म्हणजे जुलै ते फेब्रुवारी आठ महिने, आणि त्या जास्तीच्या दोन महिन्यांचं कॉट बेसिसचं भाडं कोण देणार तर आपणच.

रिअ‍ॅक्ट म्हणजे वेबसाइटचा समोर दिसणारा भाग बनवायचं साधन, ते शिकवायला एक मुलगा आला, आमच्यापेक्षा वर्षभराने मोठा असेल, चांगला होता बिचारा, चुकलं तर सरळ म्हणायचा मला पण हे नीट येत नाही आपण मिळून बघू. एक दिवस मी काउन्सेलिंगच्या केबिनमध्ये हप्ता भरायला गेले आणि सहज बोर्डकडे लक्ष गेलं तर वरून दुसऱ्या ओळीत हाच. खाली लिहिलेलं "प्लेस्ड", कंपनीच्या जागी क्लासच्याच मालकांच्या दुसऱ्या फर्मचं नाव. म्हणजे कोर्स करून वर्षभर काही लागलं नाही म्हणून क्लासनेच महिना आठ हजारावर शिकवायला ठेवला आणि बोर्डवर चढवला. त्याला विचारलं तर हसला, म्हणाला अगं पॅकेज बघ ना, ३ लाख लिहिलंय. त्यानंतर तो बोर्ड मी नीट वाचला आणि मग मला बाकीच्या फोटोंबद्दल पण काही वाटेना.

जेवणाचं आणि राहण्याचं लिहिते थोडं कारण फीच्या आकड्यात हे कुणी धरत नाही. कर्वेनगरला कॉट बेसिस, एका खोलीत चार कॉट, ३,५००. मेस ३,०००, दोन वेळा, रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी बंद, तेव्हा घरून आणलेल्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी झिंदाबाद. १३ महिने राहिले मी. कॉटचे ४५,५००, मेसचे ३९,०००, फी ४१,३००, झाले की नाही १ लाख २५ हजार ८००. यात बस, झेरॉक्स, वॉक-इनला (थेट जाऊन द्यायच्या इंटरव्ह्यूला) घालायचा एकुलता एक फॉर्मल शर्ट वगैरे धरलेलं नाही. मधे लाडकी बहीण सुरू झाली, ऑगस्ट २०२४ मध्ये पहिले दोन हप्ते एकदम आले, तीन हजार. आईने पण फॉर्म भरला होता, तिचे पण आले. तिने फोन करून विचारलं तुझा पगार आला का. विनोद होता तो, पण माझ्या अकाउंटला दर महिन्याला काहीतरी जमा होण्याची ती पहिलीच वेळ होती हे खरंय.

आता मुख्य माल, प्लेसमेंट.

प्लेसमेंट म्हणजे एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. बास, मी संपवू शकते इथेच रिव्ह्यू. पण सविस्तर सांगते. जॉब साइटवर जे ओपनिंग तुम्हाला फुकट दिसतं त्याची लिंक दोन दिवसांनी ग्रुपवर येते, वरती क्लासचा लोगो आणि "एक्सक्लुझिव्ह ड्राइव्ह". शिवाय ग्रुपमध्ये घ्यायच्या आधी तीन मॉक (सरावाचे इंटरव्ह्यू) क्लिअर पाहिजेत आणि अटेंडन्स ८० टक्के पाहिजे, नाहीतर प्लेसमेंट कॅन्सल, हे पावतीच्या मागच्या बाजूला. अटेंडन्स घेणारा कधी यायचा कधी नाही, त्यामुळे ज्या दिवशी तो आला नाही त्या दिवशी सगळेच गैरहजर. बारा पंधरा जण तिथेच कटले.

ग्रुपमध्ये घेतल्यापासून जुलैपर्यंत तिथे ११ ड्राइव्ह, म्हणजे भरतीची बोलावणी, आले, मी लिहून ठेवलेत. बीई/बीटेक ओन्ली असे पाच. उरले सहा. त्यात "६०% थ्रूआउट", म्हणजे दहावी, बारावी, पदवी सगळीकडे ६० पाहिजेत, असे तीन. आता थ्रूआउटची माझी गंमत ऐका. मला दहावीला ८४ आहेत, बीएस्सीला तर फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. पण माझी बारावी २०२१ ची, म्हणजे जी परीक्षा झालीच नाही ती. तेव्हा दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० आणि बारावीच्या अंतर्गतचे ४० असं करून मार्क दिले होते. राज्याचा निकाल लागला ९९.६३ टक्के, सगळं गाव पास झालं, नव्वद पंचाण्णववाले पायलीला पन्नास, आणि मला आले ५८.८३. कारण अकरावीला कोण अभ्यास करतं हो, आणि त्यात ती अकरावी मी कावीळ झाल्यामुळे जेमतेम काढलेली. न दिलेल्या परीक्षेत १.१७ टक्के कमी पडले म्हणून मी तीन कंपन्यांच्या फॉर्मवर नेक्स्ट बटण पण दाबू शकले नाही. आणि ज्यांना ९५ आहेत त्यांना एचआर विचारते, ओह कोविड बॅच का. म्हणजे आमचं कमी असलं तरी आमचं आणि जास्त असलं तर कोविडचं.

राहिले तीन. एक व्हॉइस प्रोसेस, नाइट शिफ्ट, खराडी, त्याचा जावाशी संबंध एवढाच की जॉइनिंग फॉर्मवर कोर्सचं नाव लिहायला जागा होती. दुसरी एक कन्सल्टन्सी निघाली, तिचं वेगळं सांगते. तिसरी खरी कंपनी. हिंजवडी फेज थ्री, सकाळी ९ चं रिपोर्टिंग, आम्ही सहाजणी पहाटे पाचला उठून दोन बस बदलून पोचलो तर गेटबाहेर रांग वळून पुढच्या बिल्डिंगपर्यंत. तशा एका रांगेचा व्हिडिओ जानेवारी २०२५ मध्ये सगळीकडे फिरला होता ना, पुण्यातलाच, घरचे सगळे मला फॉरवर्ड करत होते "तू दिसतेस का यात". ती रांग वेगळी पण दिसायला तशीच. दुपारी तीनला आत घेतलं. अ‍ॅप्टी (गणित-बुद्धिमत्तेची चाचणी) झाली, टेक्निकल झाला, हॅशमॅप विचारलं, स्ट्रिंग उलटी करायला लावली, दुसऱ्या नंबरचा पगार. सगळं आलं. एचआर राउंडला म्हणाले पहिले सहा महिने स्टायपेंड ८,०००, दोन वर्षांचा बॉन्ड, मोडला तर दीड लाख, ओके का. मी ओके म्हणाले, मी तेव्हा कशालाही ओके म्हणाले असते. "वी विल गेट बॅक टू यू." अजून तरी बॅक आलेले नाहीत.

कन्सल्टन्सीचं. नऱ्हे साइडला एक ऑफिस, तिथे सांगितलं की फ्रेशर म्हणून तुम्हाला काही लागणार नाही, मार्केटच नाही, आपण दोन वर्षांचा एक्स्पिरियन्स दाखवू. लेटर, सॅलरी स्लिप, रिलीव्हिंग, सगळं. खर्च दीड लाख, साठ हजार आधी आणि बाकीचे जॉब लागल्यावर पगारातून. यालाच पोरं बॅकडोअर म्हणतात. आणि गंमत म्हणजे क्लासच्या मॅडमना मी जाऊन सांगितलं तर त्या म्हणाल्या विचार कर, बऱ्याच जणांचं झालंय. मी केलं नाही. तत्त्वबित्त काही नाही, साठ हजार नव्हते. आमच्यातल्या एकाने केलं, शेत गहाण ठेवून नाही पण बहिणीच्या लग्नाच्या पैशातून. त्याला २८ हजारांचा जॉब पण लागला, आम्ही पार्टी घेतली त्याच्याकडून. पाचव्या महिन्यात बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन आलं, पीएफचा यूएएन नंबर मागितला, आता तिथे कुठल्या कंपनीने कुठल्या महिन्यात पैसे भरले ते सगळं दिसतं, याचं काहीच नाही. एका दिवसात लॅपटॉप जमा. सगळे पकडले जातात असं नाही, पण तो अजून बहिणीसमोर जात नाही.

दरम्यान फ्लेक्सबद्दल. नोव्हेंबर २०२४ ला केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियम काढले, सिलेक्शनची हमी, जॉबची हमी असं काही छापायचं नाही. नंतर एके दिवशी आम्ही क्लासला आलो तर फ्लेक्सवरच्या "जॉब गॅरंटी" वर स्टिकर. "१००% प्लेसमेंट असिस्टन्स". स्टिकर जरा छोटा पडला होता त्यामुळे खालून 'टी' दिसायचा अर्धा. आमच्या पावत्या आधीच्या, पण मॅडम म्हणाल्या पावतीवर कुठे गॅरंटी लिहिलंय. खरंच नव्हतं लिहिलेलं. मी १९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला तक्रार पण टाकली, नोंदवून घेतली त्यांनी, नंबर दिला, क्लासकडून उत्तर आलं की विद्यार्थिनीला ११ ड्राइव्ह दिलेले आहेत, सोबत ग्रुपचे स्क्रीनशॉट. पैसे काही आले नाहीत. तुम्ही करणार असाल तर अ‍ॅडचा स्क्रीनशॉट पहिल्या दिवशीच काढून ठेवा, मी काढला नव्हता.

आणि शेवटचा हप्ता लवकर भरू नका. आमच्यातल्या एकीने तिसरा हप्ता भरलाच नाही, 'अनलिमिटेड इंटरव्ह्यू कॉल' म्हणतात ना हे क्लासवाले, तिला एकटीला क्लासकडून खरोखर अनलिमिटेड कॉल आले, हप्त्यासाठी.

पाच स्टारचं सांगायचं राहिलं. सर्टिफिकेट द्यायच्या दिवशी रिसेप्शनवरची मुलगी म्हणते मोबाइल काढा, रिव्ह्यू टाका, मला दाखवा, मग सर्टिफिकेट घ्या. मी पण टाकला होता पाच स्टारचा. तो नंतर काढला, आता हा.

मग काय क्लास लावूच नये का, असं मेसेज करून दोघातिघांनी विचारलं. मला नाही सांगता येणार सरळ. कारण दुसरं काय आहे. माझ्या रूममधली एक तलाठीची तयारी करते, २०२३ च्या भरतीला ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर, ओपनवाल्यांना फॉर्मची फीच एक हजार. माझी मावसबहीण मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणमध्ये लागली, पंचायत समितीत, ग्रॅज्युएटला महिना १०,०००, काम खऱ्या क्लार्कचं, मुदत आधी सहा महिन्यांची, मग २०२५ मध्ये अकरा महिन्यांची केली, संपल्यावर सर्टिफिकेट आणि नमस्कार. केंद्राची इंटर्नशिप आहे, २०२४ ला सुरू झाली तेव्हा तिचे महिना ५,००० होते, पुण्यात कॉट भरून मेसला दीड हजार उरायचे. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा रिपोर्ट आलेला, २०२२ च्या आकड्यांचा, की आपल्याकडे ग्रॅज्युएट तरुणांमधली बेरोजगारी २९.१ टक्के आणि ज्यांना लिहिता वाचता येत नाही त्यांच्यात ३.४. मी हे आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, मग तुला शाळेत घातली ती माझी चूक का. आणि मग तीच म्हणाली, न शिकलेल्याला घरी बसायला परवडत नाही गं, तो काहीही करतो, आकडा त्याचा आहे. आईने चौथीनंतर शाळा सोडलीये.

खरं सांगू का, मी ४१,३०० कशाचे दिले याचा मी खूप विचार केलाय. सकाळी साडेसातला बॅग घेऊन कुठंतरी निघायचं असायचं, त्याचे दिले. किराणावाल्या काकांना आई सांगू शकायची की पोरगी पुण्यात जावा करते. घरी बसले असते तर वेड लागलं असतं, किंवा लग्न. हे फ्लेक्सवर लिहीत नाहीत पण क्लासवाले हेच विकतात आणि त्यांना ते माहिती आहे, म्हणून तर काउन्सेलिंगला आईला पण बोलवतात. त्या हिशोबाने महाग आहे पण खोटा माल नाही. प्लेसमेंटच्या हिशोबाने बघाल तर शून्य.

मला जॉब लागला ऑगस्ट २०२५ ला. क्लासमधून नाही, मेसमधून. बॅचमधली एक मुलगी माझ्यासमोर बसायची जेवायला, ती बाणेरला एका छोट्या कंपनीत लागली होती, १४ माणसं, हॉस्पिटलच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे त्यांचं. तिने एकदा आमटी वाढून घेता घेता सांगितलं की सपोर्टचा एकजण सोडतोय, अजून जाहिरात टाकलेली नाही, उद्या ये. गेले. थ्रूआउट विचारलं नाही, कोविड विचारलं नाही, समोर लॅपटॉप ठेवला आणि म्हणाले हे टेबल, गेल्या महिन्यात दोनदा बिल झालेले पेशंट काढून दाखव. ग्रुप बाय, हॅविंग काउंट, पाच मिनिटं. सरांचं एसक्यूएल. सोमवारपासून ये म्हणाले. १६,००० हातात. जावाची एक ओळ अजून लिहिलेली नाही, दिवसभर हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या ताईंचे फोन घेते, "मॅडम बिल सेव्ह होईना", आणि मधे मधे क्वेरी मारते. झालेला खर्च भरून निघायला आठ महिन्यांचा पगार तसाच ठेवावा लागेल, म्हणजे जेवायचं नाही, राहायचं नाही.

म्हणून अडीच स्टार. दोन त्या सरांचे, ते आता दुसरीकडे शिकवतात आणि कुठे ते मी सांगेन विचारलंत तर. अर्धा त्या रिअ‍ॅक्टवाल्या मुलाला.

बाकी मागच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला होता, त्यांना कुठून कळलं माहीत नाही. "अगं अभिनंदन, आपल्याला सांगितलं पण नाहीस, एक छान फोटो पाठव आणि पॅकेज किती ते, बोर्डवर लावायचंय." मी म्हटलं मॅडम मला तुमच्याकडून नाही लागला. त्या म्हणाल्या असं कसं, शिकलीस तर इथेच ना. फोटो मी दिलेला नाही. पण अ‍ॅडमिशनच्या फॉर्मला लावलेला एक पासपोर्ट साइज त्यांच्याकडे आहे, निळा पंजाबी ड्रेस, दोन वेण्या, त्यामुळे केबिनमध्ये चहा पिताना वरती दिसले तर पॅकेजचा आकडा जरा बघून मला कळवा, मला पण उत्सुकता आहे.